नक्कल आणि रुजवात

न्यायालयातून एखाद्या कागदाची प्रमाणित नक्कल ज्यांनी कधी घेतली असेल, त्यांना तिच्या तळाशी असलेल्या दोन सह्या आठवतील. एक नक्कल करणाराची आणि दुसरी रुजवात घेणाराची. पहिल्याने अस्सल कागद पाहून दुसरा कागद तयार करावयाचा आणि दुसऱ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षरास अक्षर ताडून पाहावयाचे, असा हा व्यवहार आहे. सरकारी नोकरीत माझी वीस वर्षे गेली. यांपैकी दुसरी सही पुष्कळदा कागद न वाचताच केली जाते, हे मला ठाऊक आहे. आणि कधी काळी मीही ती तशी केलेली आहे. परंतु या दुसऱ्या सहीत केवढा इतिहास साठविलेला आहे, हे मला एका अगदी घरगुती प्रसंगाने उमगले.

बंगळुरात आमच्या घरी एका लाकडी पेटीत सव्वाशेच्या आसपास डीव्हीडी आहेत. प्रभातचे चित्रपट, नाटकांची चित्रणे, गाण्याच्या बैठका आणि घरच्या समारंभांच्या चार-सहा तबकड्या. परप्रांतात वाढलेल्या आमच्या मुलीच्या कानांवर जे मराठी पडले, त्यातले पुष्कळसे या पेटीतून आलेले आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांतली एक तबकडी मध्येच अडली, चित्राचे चौकोनी तुकडे झाले, आणि मग काहीच दिसेना. नव्या संगणकाला तर तबकडी घालावयास फटसुद्धा नाही. तेव्हा हा सगळा ऐवज हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावा, असे ठरले. उतरविताना चित्रात किंवा आवाजात तिळभर तूट येता कामा नये, अशी अट मुलीने घातली. अट साधी दिसते. पण नक्कल अस्सलाबरहुकूम व्हावी ही तळमळ आपल्या भाषेत किती जुनी आहे, याचा मी विचार करू लागलो, तेव्हा मला थेट पैठणला जावे लागले.

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, पुरी झाली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, असे ग्रंथाच्या अखेरीस सांगितलेले आहे. त्यांच्या हातची ती पोथी आज कोठेही नाही. तिच्यावरून दुसरी झाली, दुसरीवरून तिसरी, आणि अशा रीतीने नऊ हजारांच्या घरातील ओव्या नकलकारांच्या हातांतून पिढ्यान्‌पिढ्या प्रवास करीत राहिल्या. नक्कल करणारा माणूस दोन प्रकारांनी चुकतो. एकतर त्याची नजर चुकते: दोन चरणांत तोच शब्द आला की डोळा पहिल्यावरून उडून दुसऱ्यावर बसतो आणि मधला मजकूर गळतो. ही अडाणी चूक होय; ती लवकर ध्यानात येते, कारण तिच्यामुळे अर्थ लंगडतो. दुसरी चूक शहाण्याची. जुना शब्द त्याला कळत नाही; तो अशुद्ध आहे असे त्याला वाटते; आणि त्या ठिकाणी तो आपल्या काळचा, आपल्या ओळखीचा शब्द घालतो. कधी उत्साहाच्या भरात पदरची ओवीही घालतो. ही चूक सापडत नाही, कारण अर्थ लंगडण्याऐवजी अधिकच गुळगुळीत होतो.

शके १५०६ मध्ये, १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती याच शहाण्यांच्या करणीमुळे. मूळ ग्रंथ निर्मळ असता पाठांतरांमुळे तो दूषित झाला, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. आणि पुढे जो कोणी यात आपली ओवी मिसळील त्याची कानउघाडणीही करून ठेवली आहे. मधे दोनशे चौऱ्याण्णव वर्षे गेली होती. एकनाथांची अडचण आमच्या रुजवात घेणाऱ्या कारकुनाहून फार बिकट होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. कारकुनाच्या उजव्या हातास अस्सल असते, डाव्या हातास नक्कल. एकनाथांच्या दोन्ही हातांस नकलाच होत्या. रुजवात घ्यावयाची, पण ती कशाशी, असा हा पेच. अशा वेळी भाषेची जाण आणि ग्रंथकर्त्याविषयीची निष्ठा यांवाचून दुसरे साधन नसते. त्यांनी ते कार्य कसे पार पाडले याविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी महाराष्ट्राने पुढे त्यांचीच प्रत डोक्यावर घेतली.

या कथेला एक उपकथा आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांना बीडकडे ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती एकनाथांच्याही पूर्वीची आहे, असे त्यांचे मत होते, आणि १९०९ साली त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली. पुढे ती मूळ पोथी अभ्यासकांच्या हाती लागली नाही. राहिली ती राजवाड्यांची छापील संहिता. राजवाड्यांच्या विद्वत्तेविषयी मला अपार आदर आहे. तथापि त्या संहितेतील एखाद्या रूपाविषयी शंका आली, तर ती फेडून घेण्यास आज जागा नाही. नक्कल आहे, रुजवात मात्र कायमची अशक्य झाली.

पोथीपेक्षा शिलालेख बरा, असे कोणास वाटेल. कारण त्याचे अस्सल दारात उभे असते. आमच्या बंगळुरात याचा पडताळा घेता येतो. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते आणि १६६४ मध्ये राजांचा अंत झाल्यावर ते एकोजीराजांकडे राहिले. मल्लेश्वरम् या उपनगराला ज्याच्यावरून नाव मिळाले, त्या काडु मल्लेश्वराच्या देवळापाशी १६६९ सालचा एक कन्नड शिलालेख आहे. मल्लपुराच्या मल्लिकार्जुनाला एकोजीराजांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याचे त्यात लिहिलेले आहे. भोसल्यांचे बंगळुरातील वास्तव्य पुस्तकात वाचणे निराळे आणि त्या दगडावर बोट ठेवून एकोजींचे नाव शोधणे निराळे. मी पहिल्यांदा तो लेख पाहिला तेव्हा, कानडी अक्षरे लावीत लावीत, बराच वेळ तेथून हाललो नाही.

म्हैसूर संस्थानातील अशा लेखांच्या नकला घेण्याचे प्रचंड कार्य बेंजामिन लुई राइस यांनी केले. हे इंग्रज गृहस्थ जन्माने बंगळुरचेच. १८३७ चा त्यांचा जन्म. १८८६ पासून सुमारे वीस वर्षांत त्यांनी ‘एपिग्राफिया कर्नाटिका’चे बारा खंड काढले आणि नऊ हजारांच्या घरातील लेख छापून टाकले. बंगळूर जिल्ह्याचा नववा खंड १९०५ चा. शिलालेखाचा ठसा घेण्याची रीत मोठी नामी आहे. दगड घासून स्वच्छ करावयाचा, ओला कागद त्यावर पसरावयाचा, ब्रशाने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवावयाचा, आणि वरून शाईची गादी फिरवावयाची. खाचेत शाई पोचत नाही. म्हणून काळ्या जमिनीवर पांढरी अक्षरे उमटतात. या नकलेत माणसाच्या बुद्धीला शिरकाव नाही, हा तिचा मोठा गुण. दगडाला तडा असेल तर कागदावरही तडा उमटतो. शहाणा नकलकार येथे हात चोळीत बसतो.

परंतु ठसा वाचून त्याचा मजकूर छापखान्याच्या अक्षरांत बसविताना शहाणपण पुन्हा शिरू शकते. शिवाय ‘अस्सल दारात उभे आहे’ हा भरवसाही खोटा ठरला. शहर वाढले, तळी बुजली, रस्ते रुंद झाले. राइस आणि त्यांच्यामागून आलेले नरसिंहाचार यांनी नोंदविलेल्या लेखांपैकी पुष्कळ दगड आज जागेवर नाहीत. काही पायऱ्यांत गेले, काही पायांत. जे उरले आहेत त्यांच्या त्रिमिती प्रतिमा घेण्याचे काम येथील मिथिक सोसायटीने २०२१ पासून चालविले आहे. प्रकाशाच्या साहाय्याने दगडाच्या पृष्ठभागाचा प्रत्येक उंचसखल बिंदू मोजला जातो आणि त्या मोजमापाचे आकडे संगणकात साठविले जातात. मग झिजलेल्या अक्षरावर पडद्यावरच हवा त्या बाजूने उजेड पाडून पाहता येतो. कागदाच्या ठशाची जागा आकड्यांनी घेतली. आणि आकड्यांचीच गोष्ट मला पुढे सांगावयाची आहे.

तत्पूर्वी चित्रपटाविषयी चार शब्द. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. तीच कथा फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा चित्रित केली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ ची. तेथे आज पहिले आणि शेवटचे अशी दोनच रिळे आहेत, आणि ती १९१३ च्या चित्रपटाची की १९१७ च्या, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. आपल्या पहिल्या चित्रपटाची ही अवस्था! मूकपटांच्या काळात या देशात हजाराहून अधिक चित्रपट निघाले; त्यांपैकी हाती आहेत ते मोजके. त्या काळची नायट्रेटची फिल्म आगीला आमंत्रण देणारी, आणि आगीतून वाचलीच तर हवेने कुजणारी. शिवाय फिल्मवरून फिल्म उतरविताना दर पिढीला काहीतरी झडते. कडा किंचित मऊ होतात, सावल्या दाट होतात, मूळचे ओरखडे नकलेत येतात आणि नकलेचे आपले ओरखडे त्यांत भर घालतात. नातवाच्या तोंडवळ्यात आजोबा दिसावेत, तितकेच मूळ चित्र तिसऱ्या-चौथ्या नकलेत दिसते.

ही झीज थांबली ती आकड्यांमुळे. वाण्याच्या वहीतला ‘७’ कितीही वाकडातिकडा असो, तो पाहून दुसऱ्या वहीत उतरविणारा माणूस नवा, आपल्या वळणाचा ७ काढतो. जुन्याचा वाकडेपणा पुढे जात नाही. जाते ती फक्त संख्या. चित्र आणि ध्वनी यांचे संख्यांत रूपांतर केले की नकलेच्या नकलेचीही नक्कल तितकीच ताजी राहते. अट एकच, सात हा सात म्हणूनच वाचला गेला पाहिजे, एक म्हणून नव्हे. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली या विषयाचा गणिती पाया घातला, रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये चूक शोधून दुरुस्त करणारी संकेतपद्धती प्रसिद्ध केली, आणि १९६० साली रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी तीत मोलाची भर घातली.

डीव्हीडी १९९६ साली जपानात प्रथम बाजारात आली. बारा सेंटिमीटर व्यासाच्या या तबकडीच्या एका थरावर ४७० कोटी बाइट मावतात, दोन थर असल्यास ८५० कोटी. त्यांची मांडणी पाहून मला आमच्या हिशेबाच्या कचेरीची आठवण झाली. जुने हिशेबनीस तक्त्याची आडवी बेरीज मांडीत आणि उभीही मांडीत. शाईचा डाग पडून एखादा आकडा गेला, तर दोन्ही बेरजांवरून तो पुन्हा काढता येई. डीव्हीडीवर हेच केलेले असते. १९२ ओळी आणि १७२ रकाने असा बाइटांचा एकेक तक्ता. प्रत्येक ओळीच्या शेवटी १० आणि प्रत्येक रकान्याच्या तळाशी १६ जादा बाइट, रीड-सॉलोमनच्या रीतीने काढलेले. साध्या बेरजेहून ही रीत फार बळकट आहे, पण तत्त्व तेच. ओरखड्याने काही बाइट गेले तरी वाचणारे यंत्र ते पुन्हा मांडते. तबकडीच्या पोटातच एक रुजवात घेणारा बसविलेला आहे, म्हणा ना.

मग आमच्या मुलीच्या अटीला अडचण कसली? अडचण त्या जुन्या शहाण्या नकलकाराचीच. चित्रपट संगणकावर उतरवून देणाऱ्या बहुतेक आज्ञावली तो उतरविताना पुन्हा आवळतात, जागा वाचावी म्हणून. डीव्हीडीवरील चित्रपट मुळातच आवळलेला असतो. ७२० बिंदू रुंद आणि ५७६ बिंदू उंच असे चित्र, सेकंदाला पंचवीस. दोन तासांचा चित्रपट न आवळता ठेवू म्हटले तर शंभर अब्जांहून अधिक बाइट लागतील. तेव्हा डोळ्याला सहसा न जाणवणारा भाग वगळून त्याचा संक्षेप तबकडीवर बसविलेला असतो. या संक्षेपाचा आणखी संक्षेप करणे म्हणजे शहाण्याने पोथीत हात घालणे होय. परिणाम पुष्कळदा डोळ्यांना बरा दिसतो, दाणे पुसले जातात, चित्र गुळगुळीत होते. आणि नेमके तेथेच फसावयाला होते. आम्ही म्हणून ठरविले की तबकडीवरचे सगळे बाइट जसेच्या तसे, अनुक्रमणिका, उपशीर्षके आणि दोन ध्वनिपट्ट्या यांसह, एकाच प्रतिमा-फाइलीत उतरवावयाचे. फक्त चित्र-ध्वनीचे प्रवाह, न आवळता, दुसऱ्या वेष्टनात ठेवण्याचीही सोय असते; त्यातही गुणाची हानी नाही, मात्र अनुक्रमणिका जाते. आमची निवड पहिली. सव्वाशे तबकड्या सर्वच्या सर्व दुहेरी थराच्या धरल्या तरी सगळा ऐवज ११ खर्व बाइटांच्या आत बसतो. दोन टेराबाइटांच्या हार्ड डिस्कवर तो राहून निम्मी जागा उरते. १९५६ साली आयबीएमने काढलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये दोन फूट व्यासाच्या पन्नास थाळ्या होत्या आणि त्यांवर पन्नास लाख अक्षरे मावत. त्या हिशेबाने एका साध्या डीव्हीडीला तसली नऊशेंवर यंत्रे लागली असती.

कायद्याची बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर माझ्या नोकरीस शोभणार नाही. विकत मिळणाऱ्या पुष्कळ डीव्हीडींना संकेताचे कुलूप असते. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली जी सुधारणा झाली, तिने अधिकारभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणे हा गुन्हा ठरविला. त्याच कायद्यात स्वतःच्या खाजगी उपयोगापुरत्या न्याय्य वापरालाही जागा आहे. विकत घेतलेली तबकडी पेटीत ठेवून तिची घरापुरती प्रत करणे आणि ती प्रत दहा ठिकाणी वाटणे, यांतील रेषा आम्ही ओलांडली नाही.

राहिली रुजवात. तबकडी उतरवून झाल्यावर तिच्यातील सर्व बाइटांवरून संगणक एक ठराविक लांबीची संख्या काढतो. तिला चेकसम म्हणतात. अब्जावधी बाइटांतला एक जरी बदलला तरी ही संख्या पार निराळी येते. आम्ही प्रत्येक तबकडी दोनदा वाचतो, दोन्ही संख्या जुळल्या तरच नक्कल मान्य करतो, आणि ती संख्या एका वहीत उतरवून ठेवतो. दुसऱ्या हार्ड डिस्कवर तीच प्रत पुन्हा घेतो, आणि तिचीही संख्या ताडतो. हार्ड डिस्क हे फिरते यंत्र आहे. ते पाच-सात वर्षांत केव्हाही मान टाकू शकते. वर्षातून एकदा दोन्हींवरच्या संख्या वहीशी ताडावयाच्या, असा नेम ठरला आहे. जी रुजवात एकनाथांना आयुष्याची तपश्चर्या वाटली असेल, ती आज अर्ध्या तासात होते. मात्र अस्सल तबकडी वाचता येत आहे तोवरच.

हे ‘तोवरच’ मला एका तबकडीने शिकविले. २००८ साली माझ्या आजीने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या, त्यांचे चित्रण एका भावाने घरीच डीव्हीडीवर करून दिले होते. कारखान्यात ठोकलेल्या तबकडीत खाचा धातूच्या थराखाली कायमच्या उमटलेल्या असतात; घरी भरलेल्या तबकडीत त्यांच्याऐवजी रंगद्रव्यावर डाग पाडलेले असतात, आणि ते रंगद्रव्य उन्हाने, दमटपणाने विटते. आजी २०११ साली गेली. दुसरी प्रत कोणाजवळ नव्हती. ही तबकडी आमच्या यंत्राने निम्मी वाचली आणि सोडून दिली.

मग सदर पत्रप्पा रस्त्यावरच्या जुन्या संगणकी सामानाच्या दुकानांतून मी तीन निरनिराळी वाचनयंत्रे आणली. त्यांच्या भिंगांची नजर सारखी नसते. एकाला न दिसलेला तुकडा दुसऱ्याला दिसतो. कोणते तुकडे वाचले, कोणते राहिले याचा नकाशा ठेवणारी एक आज्ञावली मुलीने लावली, आणि चार रात्री आम्ही त्या तीन वाचनांतून एक प्रत जुळवीत बसलो. शेवटी २,०४८ बाइटांचा एक, असे सदतीस तुकडे कोणत्याच यंत्राला वाचता आले नाहीत. ते एका ओवीच्या मध्यावर आहेत. चित्र तेथे क्षणभर फुटते आणि आजीचा एक शब्द ऐकू येत नाही. तो कोणता असावा हे मला ठाऊक आहे, कारण ती ओवी मी लहानपणी शेकडो वेळा ऐकलेली आहे. तिच्याच दुसऱ्या ओवीतून तो शब्द उचलून येथे बसविता येईल, कोणास कळणारही नाही, असे मुलगी म्हणाली. मी नको म्हटले. वहीत त्या तबकडीपुढे ‘सदतीस तुकडे अवाचनीय’ असा शेरा आहे, आणि खाली नक्कल करणार म्हणून तिची व रुजवात घेणार म्हणून माझी सही आहे. पेटीतल्या अजून सत्तर तबकड्या उतरावयाच्या राहिल्या आहेत. त्यांत घरी भरलेल्या तिघी आहेत, त्या आधी घेतल्या आहेत.